एलिफंट बीचला चालत जा

एलिफंट बीचला जायचे दोन मार्ग आहेत, एक बोटीचा आणि एक चिखलाचा. अंदमानातल्या स्वराज द्वीपच्या जेटीवरून स्पीडबोट धरली की माणूस वीसेक मिनिटांत पोचतो आणि उतरताना फार तर पोटऱ्या ओल्या होतात. जंगलातली पायवाट साधारण दोन किलोमीटरची, आणि तिचा शेवटचा टप्पा कांदळवनातून. आई-बाबा बोटीने आले. मी आणि धाकटा भाऊ चालत गेलो. रात्री जेवताना आमच्या गप्पा ऐकणाऱ्याला वाटलं असतं, हे चौघं दोन वेगळ्या किनाऱ्यांवर जाऊन आलेत.

आपल्याकडून अंदमानला जाणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम, मग फेरीने हॅवलॉक. हॅवलॉकचं नाव डिसेंबर २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पण रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे. १९५०च्या दशकात इथे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना वसवलं. म्हणून गावांची नावं गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुपारी, केळी, भाताची खाचरं. कोकणात आल्यासारखं वाटत असतानाच कोणीतरी बंगालीत हाक मारतं.

पायवाट राधानगरच्या रस्त्यावरून फुटते. सुरुवातीला वनखात्याची चौकी आहे. तिथे वहीत नावं लिहायची आणि परतताना कळवायचं. पावसाने वाट बिघडली की ती बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी. वाट चुकण्यासारखी नाही, तरी आम्ही वाटाड्या घेतला. सोबत आलेला मुलगा विशीतला, पायात रबरी चपला, हातात काठी. तो मला "दीदी" म्हणायचा आणि भावाला "भैया". रस्त्यावरचा उजेड मागे पडला आणि शंभर पावलांत हवाच बदलली. ऊन गेलं, पण उकाडा दुप्पट झाला. गर्जनाची झाडं सरळसोट वर गेलेली. त्यांच्या फांद्या कुठे सुरू होतात ते बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. पडौकच्या बुंध्याला फळ्यांसारखी पसरट मुळं, काहींच्या आड माणूस लपेल एवढी उंच. मधेमधे वेताची जाळी, आणि त्या वेताला असे आकडे की बाही अडकली तर मागे येऊन सोडवून घ्यावी लागते. ओढून चालत नाही, कापड फाटतं.

हे जंगल कधी काळी ओंडक्यांसाठी तोडलं जायचं आणि ओंडके ओढायला हत्ती होते. किनाऱ्याचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंदमानातल्या नैसर्गिक जंगलांच्या तोडीवर कडक बंधनं आणली आणि हत्तींचं काम संपलं. त्यांतला राजन मागे राहिला. समुद्रात पोहणारा हत्ती म्हणून जगभर त्याचे फोटो गेले. तो २०१६ मध्ये गेला. आमच्या वाटाड्याने लहानपणी त्याला पाहिलं होतं. फार काही बोलला नाही, फक्त "बहुत शरीफ था" एवढंच.

वाट आधी चढते, मग लालसर चिकणमातीतून उतरत जाते. पाऊस होऊन गेलेला असेल तर हा उतार बसूनच उतरायची तयारी ठेवा. पावसाळ्यात जळवाही असतात. आम्ही कोरड्या दिवसांत गेलो, तरी बूट चिखलाने जड झाले होते. इथे ट्रेकिंगचे भारी बूट घालू नयेत असं माझं मत. ते पुढे खाऱ्या पाण्यात भिजतात आणि मग वाळतच नाहीत. मागून पट्टा असलेले, तळव्याला खाचा असलेले सँडल उत्तम.

उतार संपला की एकाएकी आकाश उघडतं आणि कांदळ सुरू होतात. बोटीने येणाऱ्याला दिसत नाही तो भाग हाच. मुळं कमानीसारखी वर उचललेली, त्यांच्यावर कालवं चिकटलेली, आणि खाली मऊ राखाडी चिखल. मी खाली वाकले तर चिखलच हलतोय असं वाटलं. नीट पाहिलं तर बोटभर लांबीच्या निवट्या, चिखलात राहणारे मासे. एकीने पुढच्या परांवर जोर देऊन अंग पुढे ढकललं, थांबली, डोकं वर काढून एक डोळा आत ओढून ओला केला, पुन्हा बाहेर काढला आणि माझ्याकडे बघत बसली. भाऊ म्हणाला, "ताई, हिला आजोळी कालवणात खाल्लंय आपण." खाल्लंय खरं. पण ताटात असताना तिचा डोळा कोण बघतो!

या चिखलाचा आणि पुढच्या स्वच्छ पाण्याचा थेट संबंध आहे. डोंगरउतारावरून पावसाबरोबर माती येते. ती समुद्रात गेली तर पाणी गढूळ होतं, प्रवाळाला ऊन मिळत नाही, वरून गाळ बसून तो गुदमरतो. कांदळाची मुळं ती माती इथे अडवतात. शिवाय प्रवाळावर मोठे होणारे कितीतरी मासे पिल्लं असताना याच मुळांच्या आडोशाला वाढतात. एका खड्ड्यात साचलेल्या पाण्यात नखाएवढ्या पिल्लांचा थवा होता. तासाभराने पाण्यात डोकं घातलं तेव्हा मला तो आठवला.

आता भरती-ओहोटीचं. चालणाऱ्याला ओहोटी हवी, कारण भरतीला कांदळवनात गुडघ्याच्या वर पाणी येतं आणि खाली मूळ आहे की खड्डा ते दिसत नाही. स्नॉर्कलिंग करणाऱ्याला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यात तोंड घालून पोहणाऱ्याला, मात्र चढतं पाणी हवं. ते खुल्या समुद्रातलं निवळ पाणी आत आणतं आणि प्रवाळ व पोट यांच्यात सुरक्षित अंतर ठेवतं. तळाच्या ओहोटीला पोहलात तर गुडघे सोलून निघतील आणि प्रवाळही मोडेल. यावरचा उपाय म्हणजे ओहोटी संपता संपता चालत पोचायचं, पाणी चढू लागलं की उतरायचं आणि पूर्ण भरती व्हायच्या आत परत फिरायचं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात हे गणित फार घाईचं होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं-उतरतं, प्रवाहही मवाळ असतो. आम्ही दिवस तसाच निवडला होता. फक्त तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला हिशोब तिथे वापरू नका. तो कोकणपट्टीसाठी आहे. स्थानिक तक्ता बघा किंवा वाटाड्याला विचारा. आमच्याने चौकीवरच बजावलं होतं, "पानी चढ़ने से पहले निकलना है."

कांदळ संपले आणि समोर किनारा. पहिल्या नजरेत दिसली ती झाडांची कलेवरं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने इथला किनारा खाल्ला. तेव्हाची मोठमोठी झाडं मुळांसकट आडवी पडली आहेत, मीठ आणि उन्हाने पांढरी झालेली. लोक त्यांच्यावर बसून फोटो काढतात. आम्ही पोचलो तेव्हा बोटी यायच्या होत्या आणि किनाऱ्यावर आम्ही तिघं, दोन लाइफगार्ड आणि शंखातले खेकडे. नंतर जेट स्की, सी-वॉक, सगळा बाजार भरतो. तो नको असेल तर लवकर या, एवढाच मार्ग आहे.

पाण्यात उतरण्याआधी मगरींबद्दल. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि कांदळवन ही त्यांची जागा. २०१० मध्ये याच बेटावर, राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तेव्हा फलक आणि लाइफगार्ड शोभेला नाहीत. ते सांगतील त्या हद्दीतच पोहायचं, आणि कांदळातून येणाऱ्या ओहोळाच्या तोंडाशी तर अजिबात उतरायचं नाही.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा. मिशीवाल्यांचा इथे हमखास पराभव होतो, कारण केसांतून पाणी झिरपत राहतं. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून लगेच खळबळून टाकायची. भावाला हे किळसवाणं वाटलं. पाच मिनिटांनी पाण्यातून डोकं काढून म्हणाला, "ताई, काहीच दिसत नाहीये." मग थुंकला. नळीत पाणी शिरलं तर घाबरून मान वर करायची नाही, तोंडाने जोरात फुंकर मारायची, पाणी वरून उडून जातं. अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा असला की पाठ भाजत नाही आणि सनस्क्रीनचे थर पाण्यात सोडावे लागत नाहीत. त्यांतली ऑक्सिबेन्झोनसारखी काही रसायनं प्रवाळाला घातक आहेत.

आणि मग तोंड पाण्यात घातलं.

पहिल्यांदा ऐकू आला तो आवाज. कढईत मोहरी तडतडावी तसा, सगळीकडून, सतत. तो बराचसा चिमुकल्या कोळंबीवर्गीय प्राण्यांच्या नांग्यांचा. त्यात मधेच कुरुम कुरुम असा जाडसर आवाज येत होता. तो पोपटमाशांचा. हिरवा-निळा, हातभर लांब, दात खरोखर चोचीसारखे. तो प्रवाळाच्या खडकावर तोंड आपटतो, त्यावरचं शैवाल दगडासकट खरवडतो, आणि थोडं पुढे गेल्यावर शेपटीजवळून पांढरी भुकटी सोडतो. ती वाळू. मोठ्या जातीचा एक पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू बनवतो. बाबा ज्या पांढऱ्या वाळूवर चादर टाकून आडवे होणार होते तिच्यातली पुष्कळशी अशीच आलेली. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी चादर एकदा झटकली.

मास्कमधली हवा आणि बाहेरचं पाणी यांमुळे पाण्यातली वस्तू एक तृतीयांशाने मोठी आणि पाऊण अंतरावर दिसते. हात लांब करून बघा, बोटं भलत्याच ठिकाणी असतात. त्यामुळे प्रवाळ अजून दूर आहे असं वाटलं तर विश्वास ठेवा. जवळ आहे असं वाटलं तरी पाय मात्र खाली सोडू नका. गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभरच वाढतो. टेबलाएवढा गड्डा तुमच्या पणजोबांच्या वेळचा असू शकतो आणि एका टाचेखाली त्याचा जिवंत थर चिरडतो.

अ‍ॅनिमोनच्या (खडकाला चिकटून राहणाऱ्या, मऊ बोटांच्या प्राण्याच्या) झुबक्यात क्लाउनफिश या माशाचं कुटुंब होतं. सगळ्यात मोठी ती मादी, तिच्याखालोखाल तिचा नर, बाकीचे छोटे रांगेत. मादी मेली की तोच नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा त्याच्या जागी सरकतो. मी जरा जवळ गेले तर ती तळहाताहून लहान बाई थेट माझ्या काचेवर चालून आली. मी मागे सरले. बाजूला जायंट क्लॅम, म्हणजे भला मोठा शिंपला, तोंड वासून, आत निळा-जांभळा मखमली ओठ. माझी सावली पडली तसा तो मिटला.

सगळंच असं नाही, हेही लिहायला हवं. बरेच पट्टे नुसते राखाडी तुकड्यांचे आहेत. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानचा समुद्र नेहमीपेक्षा फार तापला आणि प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. २०१६ मध्ये पुन्हा. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते अन्न बनवतं आणि रंगही त्याचाच. पाणी तापलं की ही सोबत तुटते, आणि रंग गेलेल्या पेशींतून पांढरा सांगाडा दिसू लागतो. ताप लवकर उतरला तर शैवाल परततं, नाहीतर प्रवाळ मरतो. मोडक्या ढिगांवर आता बोटाएवढ्या फांद्यांचे नवे कोंब दिसतात, टोकं फिकट निळी. त्यांच्यावर नखाएवढे निळे मासे ये-जा करत होते. कांदळातल्या खड्ड्यातली ती पिल्लं नेमकी यांचीच होती असा माझा दावा नाही.

तोवर बोटी लागल्या. आईला पोहता येत नाही. तिला लाइफ जॅकेट घालून, रिंगला धरून एक गाइड ओढत नेतो. तिने पाण्यात तोंड घातलं आणि नळीतूनच काहीतरी मोठ्याने बोलली. बाहेर आल्यावर कळलं, ती "अगंबाई!" म्हणत होती. समुद्रकाकडी नावाचा काकडीसारखा प्राणी बघून.

वाटाड्याने हाक मारली तेव्हा कांदळात पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं. निवट्या आता चिखलात नव्हत्या, मुळांवर चढून बसल्या होत्या. चढावर दम लागला, पाणी दोन लिटर नेलं होतं ते चौकीच्या अलीकडेच संपलं. परतताना वहीत वेळ लिहिली.

कोणी जाणार असेल तर दोन गोष्टी. चष्मा लागत असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क घरूनच न्या, तिथे मिळेलच असं नाही, आणि चष्म्यावर मास्क बसत नाही. दुसरं, किनाऱ्यावरून प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलू नका. वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. आमच्या परतीच्या रांगेत पुढच्या काकूंच्या पिशवीतून एक एक करत सगळे तुकडे बाहेर निघाले. काकू म्हणत होत्या, "अहो, देवघरात ठेवायला घेतले होते."