चिलरच्या लॉगबुकात सापडलेले 88 टन

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत पर्यावरण अहवालाची आकडेवारी मी जमवते. सेबीच्या नियमाने 2022-23 पासून बाजारमूल्यातल्या पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल, भरावाच लागतो. आमची सगळी भिस्त बिलांवर: वीज, डिझेल, पाण्याचे टँकर. बिल नसलेली गोष्ट सहज सुटते.

त्या दिवशी पाण्याच्या मीटरचं रीडिंग जुळवायला चिलर प्लांटमध्ये, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रांच्या खोलीत गेले, तर कोपऱ्यात त्या यंत्रांत थंडाव्यासाठी भरतात त्या आर-134ए गॅसचे पाच रिकामे सिलिंडर. ऑपरेटरकाकांना विचारलं.

"उन्हाळ्यात टॉप-अप लागतोच, मॅडम. दोन नंबरचा सील गळतोय. मी मागच्या वर्षीच लिहून दिलंय."

त्यांनी लॉगबुक पुढे केलं. तारीख, सक्शन प्रेशर, किती किलो भरला, साबणाचं पाणी लावल्यावर कुठे फुगे आले, सगळं सुवाच्य अक्षरात. इतकी चोख नोंद आमच्या महागड्या डॅशबोर्डवर मी कधी पाहिली नाही.

एका सिलिंडरमध्ये 13.6 किलो, म्हणजे वर्षभरात 68 किलो गॅस हवेत. तो ओझोनला धक्का लावत नाही म्हणून सगळे त्याला निरुपद्रवी समजतात. पण आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या पाचव्या अहवालातला त्याचा गुणक 1300 आहे, म्हणजे तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या 1300 पट तापवतो. हिशेब केला तर 88 टन कार्बन डायऑक्साइड, जवळपास 33 हजार लिटर डिझेल जाळल्याइतका. गच्चीवरचा आमचा 80 किलोवॅटचा सोलर, ज्याचे आकडे लॉबीतल्या स्क्रीनवर झळकतात, तो वर्षाला साधारण 80 टन वाचवतो. एका सीलने ते सगळं धुऊन नेलं.

गॅसचं स्वतंत्र बिल नव्हतंच. तो देखभाल करारात धरलेला, त्यामुळे अकाउंट्सकडे फक्त 'सर्व्हिसिंग' एवढीच नोंद. बैठकीत मला ऐकवलं गेलं, "हा मेंटेनन्सचा विषय आहे, एमिशनचा कुठे?" उत्सर्जन मोजण्याच्या जीएचजी प्रोटोकॉल या नियमावलीप्रमाणे गळालेला गॅस डिझेलबरोबरच स्कोप 1 मध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनात बसतो, हे पर्यावरणाच्या बैठकीत समजावून सांगावं लागतं याचा मला खरोखर राग येतो.

पुढे मात्र वेगळाच पेच आला. आमचं आधारवर्ष, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून घट मोजतो ते वर्ष, 2019-20, आणि त्या वर्षाचं लॉगबुक रद्दीत गेलेलं. कुणीतरी मांडून दाखवलं की आधारवर्षात अंदाजाने भरपूर गॅस धरला तर आजवरची घट उलट जास्तच दिसेल. सकाळी ज्यांना गॅस अहवालात नको होता, त्यांनाच दुपारी तो हवासा झाला.

कागदाशिवाय आकडा धरणार नाही, असं मी लेखी कळवलंय. पण तेव्हा गळती शून्य होती असं दाखवणंही खोटंच. यंत्रात भरलेला गॅस आणि गळतीचा प्रमाणित दर यांवरून अंदाज काढता येतो. तसा काढून, 'अंदाज' असा स्पष्ट शेरा मारून, गॅस धरून आणि न धरून असे दोन्ही तक्ते मी वर पाठवलेत. कुठला छापायचा यावर अजून सही झालेली नाही. सील त्याच आठवड्यात बदलला. काकांचा वर्षभर पडून असलेला अर्ज दोन दिवसांत मंजूर झाला.