बांधायच्या आधी

एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस, म्हणजे पुरावा बघून काम करणं, म्हटलं की सायकियाट्री वॉर्डातल्या बऱ्याच स्टाफला वाटतं हे औषधांचं आहे, डॉक्टर बघतील. पण कोणत्या पेशंटला बांधायचं, कोणाला एकट्या खोलीत ठेवायचं, हे बहुतेक वेळा आपल्याच शिफ्टमध्ये ठरतं ना, मग त्याला पुरावा काय हे पण आपणच विचारायला हवं. २००० सालच्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) नेमकं हेच शोधलं होतं, गंभीर मानसिक आजारात बांधून किंवा कोंडून ठेवल्याने फायदा होतो का, तर एकही कंट्रोल्ड स्टडी, म्हणजे दुसऱ्या गटाशी तुलना करणारा अभ्यास, सापडली नाही. एकही नाही! आणि हे आपण पिढ्यान्पिढ्या करत आलोय.

याउलट इंग्लंडमधलं सेफवॉर्ड्स बघा, वॉर्डातले तंटे आणि बांधणं-कोंडणं कमी करायची ही पद्धत. लेन बॉवर्स आणि त्यांच्या टीमने १५ हॉस्पिटलमधल्या ३१ वॉर्डांत ट्रायल केली, २०१५ ला छापून आली. भांडणं, मारामारी, स्वतःला इजा असे प्रकार साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले आणि बांधणं, कोंडणं, जबरदस्तीचं इंजेक्शन वगैरे २६ टक्क्यांनी. केलं काय तर दहा साध्या गोष्टी, त्यातली एक मला फार पटते, पेशंटला वाईट बातमी कळणार असेल तर आधीच तयारी ठेवायची. म्हणजे समजा रजा नामंजूर झालीये, तर ते जेवणाच्या रांगेत सगळ्यांसमोर सांगायचं नाही, बाजूला घ्यायचं, बसून सांगायचं, पुढे कधी विचारता येईल तेही सांगायचं आणि लगेच उठून जायचं नाही. याला पैसा लागत नाही, वेळ मात्र लागतो, आणि स्टाफ कमी असला की पहिला हाच वेळ कापला जातो याचं मला खरंच वाईट वाटतं.

पेशंट हिंसक होण्याचा धोका ओळखायची ब्रोसेट चेकलिस्ट पण वापरून बघा, गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर जायची धमकी, वस्तूंवर हल्ला, बस सहा मुद्दे, भरायला फार वेळ लागत नाही आणि पुढच्या चोवीस तासांतला धोका लक्षात येतो. फक्त स्कोअर वाढला म्हणून लगेच बांधायला धावायचं नाही हो, स्कोअर वाढला की आधी जाऊन बोलायचं, कशाने बिनसलंय ते विचारायचं, आवाज कमी असलेल्या जागी न्यायचं. कधीतरी बांधावं लागतं, मान्य आहे, पण मग सोडल्यावर त्या माणसाशी बसून बोललं जातं का? शिफ्ट बदलतानाच्या हॅन्डओव्हरमध्ये किती वाजता बांधलं, किती वाजता सोडलं हे असतंच, त्याच्या आधी काय काय करून बघितलं हे पण लिहायला सुरुवात करूया.