जुनं पुसू नका हो

मी सोलापुरात एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते, अशील बहुतेक चादर-टॉवेलवाले. २०२५ च्या ऑक्टोबरात एका कारखानदाराला २०२१-२२ च्या विक्रीवर जीएसटीची नोटीस आलेली आणि उत्तराची तारीख दोन दिवसांवर. त्या वर्षी नियम असा होता की हजार रुपयांपर्यंतच्या टॉवेलला ५ टक्के, त्याच्या वर १२. तो तक्ता बघायला मी टॅबवर विकत घेतलेलं जीएसटीचं ई-बुक उघडलं तर १२ टक्क्यांचा रकानाच गायब! २२ सप्टेंबरपासून तो टप्पाच सरकारने काढला म्हणून पुस्तक आपोआप बदललेलं, आणि त्याच्याबरोबर माझ्या पिवळ्या खुणा, बाजूच्या टिपा, सगळंच गेलं. कंपनीला फोन केला तर तिकडची मुलगी म्हणते, मॅडम तुमच्याकडे लेटेस्टच आहे की. अगं लेटेस्ट नकोय मला, त्या वर्षीचं पाहिजे.

शेवटी सरांनी माळ्यावरून २०२१ चं छापील पुस्तक काढलं. कव्हर निघालेलं, कोपरा वाळवीने खाल्लेला, पण तक्ता जसाच्या तसा आणि शेजारी माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं, "नगाचा भाव धरायचा, डझनाचा नाही." त्या एका ओळीवर आमचं निम्मं उत्तर उभं राहिलं.

आता अपडेट नकोच असं मी म्हणत नाही, जुना दर लावून बिल फाडलं तर अशीलच गोत्यात येणार. पण नवं द्यायचं म्हणून जुनं हातातून काढून का घेता? २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून, म्हणजे ई-बुक वाचायच्या यंत्रावरून, जॉर्ज ऑरवेल या लेखकाची पुस्तकं परस्पर काढून घेतली होती, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, पैसे परत दिले पण पुस्तक गेलंच ना. २०२३ मध्ये मुलांसाठी लिहिणाऱ्या रोआल्ड डालच्या पुस्तकांतले शब्द प्रकाशकाने बदलले, तेव्हा आधी विकत घेतलेली ई-बुकं पण बदलल्याच्या बातम्या होत्या. बरीच ओरड झाल्यावर मग जुना मजकूरही छापत राहू असं त्यांनी जाहीर केलं.

आपल्याकडे हा विचार किती आधी झालाय बघा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढे नकला करता करता पाठ बिघडले, कुणी मधेच आपल्या ओव्या घातल्या, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून ती शुद्ध केली, कधी केली ते लिहून ठेवलं आणि बजावलं की यात जो स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. मला यातलं साल लिहून ठेवणं फार मोठं वाटतं, कारण कोणता पाठ कधीचा ते त्यामुळेच कळतं. आणि पुढे इ.स. १९०९ मध्ये इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी त्याहून जुन्या भाषेची प्रत छापली, ती छापता आली कारण कुणीतरी ती पोथी जपलेली होती, एकनाथांची शुद्ध प्रत आली म्हणून फेकून दिलेली नव्हती.

विकिपीडियावर सुद्धा प्रत्येक पानाचा इतिहास उघडता येतो, कालचं पान आजही वाचता येतं. मग पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकाला तेवढं का जमू नये? आवृत्तीचा नंबर घाला, तारीख घाला, काय बदललं ते पहिल्या पानावर सांगा, आणि जुनी फाईल माझ्याकडे राहू द्या, बास.

दाते पंचांग आमच्या सोलापूरचंच. दर वर्षी नवं येतं पण मागच्या वर्षीचं घरात येऊन कुणी खोडत नाही. वडिलांनी कितीतरी वर्षांची पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलीत, समासात दुधाचा हिशोब, कुणाचं बारसं, असं बारीक अक्षरात लिहिलेलं. धाकट्या आत्याची जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती, आजी फक्त सांगायची की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुष्काळाच्या साली झाली. १९७२ चं पंचांग काढलं, श्रावण अमावास्या बघितली, तर पुढच्या दिवसासमोर आजोबांनी निळ्या शाईत लिहिलेलं सापडलं, "कन्या, पहाटे". आत्याने तो कागद किती वेळ नुसता हातात धरून ठेवला.