कुंडईत आज गो-लाइव्ह

गोव्यातल्या कुंडईच्या कारखान्यात आज एकदाचं ईआरपी (स्टॉक, बिलं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) गो-लाइव्ह झालं, म्हणजे प्रत्यक्ष वापरात आलं. पहिलं इन्व्हॉइस नव्या सिस्टीममधून निघालं, आयआरएन (सरकारी पोर्टलवरून मिळणारा इन्व्हॉइसचा नंबर) आला, क्यूआर कोड छापला गेला आणि ट्रक गेटबाहेर पडला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला, कारण ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर टर्नओव्हर असलेल्याला दुसऱ्या धंदेवाल्याला माल पाठवायचा तर ई-इन्व्हॉइस लागतंच, म्हणजे सिस्टीम बंद पडली की माल पाठवणंपण बंद.

पण खरं सांगू, सॉफ्टवेअर हा यातला सोपा भाग. खरा घोळ आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत. एकच बोल्ट 'अर्धा इंची', 'हाफ इंच' आणि '१/२ बोल्ट' अशा तीन नावांनी बसलेला, स्टॉक तिन्हीकडे वेगळा. सॉफ्टवेअर बसवून देणारे पुण्याचे पार्टनर म्हणे जसाच्या तसा डेटा चढवा, नंतर बघू. नंतर कोण बघतो हो? शेवटी स्टोअरच्या काकांनी आपली लाल वही काढली आणि रॅकसमोर उभं राहून डबल नावांवर एकेक काट मारत गेले. क्लायंटकडे असा एक माणूस असला तरी प्रोजेक्ट तरतो, आणि मीटिंगला नेमकं त्यालाच कोणी बोलवत नाही.

शेटनी मधेच "अजून एक छोटासा रिपोर्ट" मागितला. छोटासा! म्हटलं शेट, लेखी द्या, काय काय करायचं त्यावर साइन-ऑफ झालाय, पुढच्या फेजमध्ये घेऊ. हसले, बरं म्हणाले.

आता पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) आहे, तोवर पार्टनरचा एक माणूस इथेच पाहिजे, फोनवरचा सपोर्ट नको. त्याची सोय फोंड्यात केलीय, बीच विसर म्हणून आधीच सांगितलंय 😄