पडक्या मठातला दीपस्तंभ

शनिवार, १६ नोव्हेंबर. रात्री, लेकीच्या घरी, ब्यूनोस आयर्स.

पोटऱ्या अजून दुखताहेत. तरी आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळच्या बोटीने रिओ दे ला प्लाता ओलांडून उरुग्वेतल्या कॉलोनिया देल साक्रामेंतोला गेलो. ही नदी आहे यावर मन विश्वासच ठेवत नव्हतं. पलीकडचा काठ दिसत नाही, आणि पाणी पावसाळ्यातल्या मांडवीसारखं गढूळ. पाराना नदी वरून गाळ आणते म्हणून हा रंग. १५१६ साली इथे आलेल्या सोलीस या दर्यावर्दीने हिला ‘गोडा समुद्र’ म्हटलं होतं. मलाही तेच नाव पटलं.

गाव पोर्तुगिजांनी १६८० मध्ये वसवलं, अगदी स्पॅनिश ब्यूनोस आयर्सच्या समोर. स्पॅनिशांनी ते त्याच वर्षी हिसकावलं, पुढच्या वर्षी परत दिलं. मग शंभरेक वर्षं हेच चाललं. शेवटी १७७७ मध्ये ते स्पेनकडे गेलं. गावातले रस्ते पाहिले की हे कळतं. उसाशांची गल्ली म्हणतात त्या पोर्तुगीज रस्त्याचे दगड मधोमध खोल उतरतात, पावसाचं पाणी मधूनच वाहून जातं. स्पॅनिश रस्त्यांचा उतार दोन्ही कडांना. मी बराच वेळ खाली बघतच चालत होते. कौलारू छपरं, चुन्याच्या भिंती, खिडकीत बोगनवेल. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये, त्या जुन्या पोर्तुगीज वस्तीत, वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटणारच नाही.

आणि मग दीपस्तंभ. पांढरा, खाली चौकोनी, वर गोल. तो मोकळ्या जागेत उभा नाही. सान फ्रान्सिस्को मठाच्या पडक्या भिंतींमध्येच तो १८५७ मध्ये पुरा झाला. मठ अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच आगीत गेला होता. भिंती पाडून जागा साफ करणं सोपं होतं, पण त्या ठेवल्या. एका बाजूला काळवंडलेले ओबडधोबड दगड, त्यांच्यामागून वर गेलेला गुळगुळीत पांढरा मनोरा. मी तिथे उभी राहिले आणि मला एकदम आपली घंटा आठवली.

जुन्या गोव्यातला सांत आगुस्तीनचा मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ मध्ये त्याच्या चर्चचं छत कोसळलं. आज तिथे अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. त्या मठाची मोठी घंटा मात्र वाचली. ती आग्वाद किल्ल्यावरच्या दीपस्तंभापाशी नेली आणि १८७१ मध्ये तिथून पणजीच्या चर्चमध्ये आणून टांगली. आमच्या घरी ऐकू यायची. आई तिच्या आवाजावर दिवेलागणीची वेळ धरायची. घंटा आपल्या चर्चचीच असं मी लहानपणी समजत होते. ती आधी एका मठाची होती, मग दर्यावरची, हे मला चाळिशीत कळलं. इथे मठाच्या पोटात दिवा, तिथे मठाची घंटा दिव्यापाशी. दोन्हीकडे पोर्तुगीज, दोन्हीकडे पडझड.

जिना अरुंद, गोल, शंभराहून जास्त पायऱ्यांचा. वरून कुणी उतरत असलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. लेक सारखी विचारत होती, “आई, दम लागला का गं?” लागला होता. पहिल्या गच्चीवर टेकले. “तू हो पुढे, मी येतेच,” म्हटलं. पण ती थांबली, आणि आम्ही दोघी बरोबरच वर गेलो.

वरून लाल कौलं, झाडांच्या रांगा, समोर छोटी बेटं आणि दूरवर तपकिरी पाणी. गाळाने उथळ झालेली ही नदी, खडक, बेटं. रात्री येणाऱ्या गलबताला दिवा का हवा हे वर गेल्यावर कुणी समजावून सांगावं लागत नाही. पश्चिमेला क्षितिजावर ब्यूनोस आयर्सच्या इमारती पुसट दिसत होत्या. पन्नासेक किलोमीटरवर! शेजारी एक आजोबा थर्मासमधलं गरम पाणी ओतून शांतपणे माते, म्हणजे इकडचं चहासारखं पेय, पीत होते. त्यांनी आम्हाला कठड्याशी जागा करून दिली.

परतीची बोट संध्याकाळची होती. निघालो तेव्हा दिवा लागला होता. भावाला फोन करून घंटेचा फोटो मागवावा असं फार वाटलं, पण पणजीत तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. आता तिकडे सकाळ झाली असेल. हे लिहून झालं की लावते.