सुदानला जायला काय काय लागतं?

सातपूरच्या टपरीवर फिटर-वेल्डर पोरं मला हेच विचारतात. परवा तुम्हीही भाच्यासाठी विचारलंत, म्हणून लिहूनच टाकतो.

जायला फार काही लागत नाही. व्हिसा कंपनी काढते. दहावी झालेली नसेल तर पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे बाहेर कामाला जायला सरकारी तपासणी लागते, आणि नोकरीला जाण्याआधी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून क्लिअरन्स घ्यावा लागतो. असा क्लिअरन्स ज्यांच्यासाठी लागतो त्या 18 देशांत सुदान आहे. एजंट म्हणेल, "व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो." तिथूनच उठायचं. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी. पोहोचल्यावर तीन दिवसांत पोलिसांकडे नोंद. आपली एटीएम कार्डं तिथं चालत नाहीत, डॉलर न्यायचे, तेही कोऱ्या नोटा. आणि हो, पुलांचे फोटो काढायचे नाहीत.

पण निघायला काय लागतं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

मी खार्टूमजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. 15 एप्रिल 2023, शनिवार, रमजान चालू. सकाळी धडधड ऐकू आली तेव्हा वाटलं, आपल्याच बॉयलरचं काहीतरी बिनसलंय. लष्कर आणि आरएसएफ नावाच्या निमलष्करी दलाचे लोक एकमेकांवर तुटून पडले होते. विमानतळ त्याच दिवशी बंद. आमच्यातल्या निम्म्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत, आणि किल्लीवाला राहायला नदीपलीकडे. माझा माझ्याजवळ होता, तो काही हुशारीनं नव्हे. पोलीस नोंदणीहून परत आला आणि जमा करायचा मी कंटाळा केला.

पोर्ट सुदानपर्यंत साडेआठशे किलोमीटर बस. दर नाक्यावर कुणी बंदूकवाला पोरगा पासपोर्ट मागणार, उलटा धरून पानं चाळणार. बनियनच्या आत, किराणाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवलेली ती निळी वही छापलेली आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमधली. दर वेळी ती परत हातात येईपर्यंत मी श्वास धरून बसायचो. पुढे नौदलाच्या जहाजानं जेद्दा, तिथून विमानानं मुंबई. ऑपरेशन कावेरी म्हणतात ते हेच. मुंबईत पिवळं कार्ड, म्हणजे पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला, नसलेल्यांना घरी सोडलं नाही, आधी क्वारंटाइन. बायकापोरं बाहेर ताटकळत!

तेव्हा भाच्याला सांगा: पासपोर्ट स्वतःजवळ, झेरॉक्स आईकडे, वकिलातीत नाव पहिल्याच आठवड्यात. तिकडे राहणाऱ्याला बाहेर पडायला एक्झिट व्हिसा लागतो, तो कोण काढून देणार हे करारात लिहून घ्यायचं. विम्याच्या कागदात युद्ध वगळलेलं असतं, बारीक अक्षरात. चष्मा लावून वाचा. सुदानचं म्हणाल तर सध्या नकोच, लढाई लागल्यावर आपली वकिलातच खार्टूम सोडून पोर्ट सुदानला गेली.

एजंट दुसऱ्या कुठल्या देशाचं नाव घेतोय का, तेही कळवा. येमेन म्हणत असेल तर 2017 पासून सरकारची बंदी आहे, परवानगीशिवाय गेलं तर पासपोर्ट जप्त होतो.