अठरा एप्रिलची संध्याकाळ

कर्वेनगरात नव्याने राहायला आलेल्यांना हे नाव महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं, म्हणजे आमच्या अण्णांचं, हे ठाऊक असतं. पण इथे पूर्वी हिंगणे नावाचं खेडं होतं आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे प्रोफेसर पुण्यातलं काम आटोपून पायी इथे यायचे, आपल्या विधवाश्रमातल्या मुलींना शिकवायचे, हे मात्र सांगावं लागतं. आमचं निवृत्त शिक्षिकांचं मंडळ दरवर्षी १८ एप्रिलला, अण्णांच्या जन्मदिवशी, तेच सांगत आलं आहे.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवाल, पाहुण्यांना शाल-श्रीफळ हे सगळं होतंच, त्यावर शाई खर्च करत नाही. शाळकरी मुलं अण्णांची गोष्ट सांगतात तीही ठरलेली: परीक्षेसाठी कोकणातल्या आपल्या गावाहून, मुरुडहून, साताऱ्यापर्यंत भर पावसात, कुंभार्ली घाटातून पायपीट आणि तिथे पोहोचल्यावर ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून नकार. मुलं ती उत्तम सांगतात, टाळ्या घेतात. मी मात्र वाट पाहत असते ती त्यानंतरच्या भाषणाची.

हे भाषण मंडळाबाहेरच्या कुणी विद्वानाने करायचं नाही, असा आमचा पहिल्यापासूनचा दंडक. ज्यांच्या घरातली एखादी बाई हिंगण्याला शिकली त्यांनीच बोलायचं. कुणाची आजी, कुणाची आत्या, कुणाची सासू. बोलणारीला भाषणाची सवय नसते, कागद थरथरतो, आणि पहिल्या दोन मिनिटांत ती कागद बाजूला ठेवते. मग ऐकायला मिळतं ते कुठल्याही चरित्रात नाही. एका बाईंनी सांगितलं, आजी नवव्या वर्षी विधवा झाली, सोवळी केलेली, माजघराबाहेर कधी पडली नव्हती. भावाने धीर करून हिंगण्याला आणून सोडली. पुढे ती मास्तरीण झाली आणि तिच्या पगारावर त्याच भावाची मुलं शिकली. हे सांगताना बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. माझ्या मागच्या रांगेत मात्र नाकं ओढल्याचे आवाज येत होते आणि मीही डोळे पुसत होते.

या भाषणांमुळेच अण्णांच्या संसाराकडे मी नीट पाहायला लागले. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली गेल्या. ११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या विधवा, मित्राची बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. या लग्नापायी मुरुडच्या लोकांनी वाळीत टाकलं, आईलाही भोगावं लागलं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, पण सगळे त्यांना ‘बाया’ म्हणत. १८९६ मध्ये आश्रम निघाला तेव्हा सनातनी पालकांना धास्ती वाटू नये म्हणून पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाईंना आश्रमापासून लांबच राहावं लागलं. ज्या कामासाठी नवरा रोज पायी जातो, त्या कामाच्या दाराशीच बायकोने थांबायचं! बायांनी ‘माझे पुराण’ या आपल्या आत्मचरित्रात ही ओढाताण, पैशाची चणचण, मुलांचं करणं सगळं मोकळेपणी लिहिलं आहे. वर आश्रमासाठी वर्गणीही त्यांनीच फिरून गोळा केली. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले तर आश्रमाच्या कामासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

काही जण म्हणतात, अण्णांनी घराकडे लक्ष दिलं नाही. आमच्या मंडळातही यावर दर वर्षी चहाच्या वेळी वाद होतो. माझं मत ठाम आहे. ज्या माणसाच्या घरात बायकोने आपलं पुराण आपल्या शब्दांत लिहिलं आणि सुनेने, कावेरीबाईंनी, त्याचं संपादन केलं, त्या घरात बाईच्या बोलण्याला किंमत होती. तक्रारीला सुद्धा. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्यासारखी विदुषी ज्या घरात सून म्हणून आली आणि आपलं संशोधन करत राहिली, ते घर प्रेमाशिवाय उभं राहत नाही.

१९१४ साली अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापून ते वर्गणीला दारोदार फिरले. आम्ही निवृत्त शिक्षिका हे ऐकताना ताठ होऊन बसतो. १९५० मध्ये बाया गेल्या, १९५३ मध्ये थोरला मुलगा रघुनाथ गेला. १९५८ मध्ये शंभरी भरली, भारतरत्न मिळालं. ते पाहायला त्या दोघांपैकी कुणी नव्हतं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णा गेले. बोलणाऱ्या बहुतेक जणी भारतरत्नापाशी थांबतात. मी मुद्दाम उठून बायांचं आणि रघुनाथरावांचं साल सांगते.

एक गोष्ट बोलायलाच हवी. नोकरीत असलेल्या शिक्षिका येत नाहीत. निकालाचं काम आहे, लग्नाची तिथी आहे, ऊन आहे, ही कारणं आम्हीही नोकरीत असताना ऐकली होती, तरी आम्ही येत होतो. आणि ज्यांच्या आज्या इथे शिकल्या ती घरं पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवतो, आणि शेवटी त्यांत शाळेतली मुलं बसवतो. याचं मला वाईट वाटतं आणि ते लपवायचं कारण नाही.

येणारे आणि राबणारे मात्र मनापासून येतात. सभागृह उघडून पंखे आधीपासून लावून ठेवणारे शिपाईमामा, सतरंज्या झटकणाऱ्या दोघी मावशी, दारात रांगोळी काढणारी आमच्या सचिवांची सून, तिच्या हाताखालच्या दोन मुली. आंब्याची डाळ करणाऱ्या वहिनी, पन्ह्याचा गूळ किसून देणारे त्यांचे यजमान. पत्रिका दरवर्षी कागदाच्या खर्चातच छापून देणारे छापखानेवाले काका. माईकवाला मुलगा, ज्याने थरथरत्या आवाजाच्या आजींसाठी माईक कधी जवळ न्यायचा ते न सांगता शिकून घेतलं. अण्णा-बायांच्या तसबिरीला स्वतः ओवलेला मोगऱ्याचा हार घालणाऱ्या फुलवाल्या ताई. त्या पैसे घेत नाहीत, आम्ही गुपचूप पिशवीत टाकतो. खुर्च्या उचलणारी शाळेची मुलं. फोटो काढणारे आमच्या खजिनदारांचे भाऊ. बोलणाऱ्या आजींना घरून आणणारे आणि परत सोडणारे रिक्षावाले दादा. रिक्षावाल्या दादांचं नाव मागच्या अहवालात राहिलं होतं, म्हणून इथे आठवणीने लिहिलं. आणखी कुणी राहिलं असेल तर अध्यक्षांकडे जरूर कळवा, त्यांचं नाव पुढच्या पत्रिकेत छापू.

पुढच्या वर्षी बोलायचं आमच्या शिवणवर्गाच्या माजी बाईंनी कबूल केलं आहे. त्यांच्या सासूबाई हिंगण्याच्या. कागद लिहून आणणार म्हणतात.